मुलाच्या ऑपरेशनसाठी लोकांकडे पैसे मागावेत का?

पत्र: मी जत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. आमच्याकडे पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींचा मुलगा आमच्याच शाळेत सातवीत शिकतो. काही महिन्यांपासून त्याला चार पावलं चाललं तरी दम लागतो. सांगलीतल्या एका खासगी दवाखान्यात दाखवलं. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्यातून हृदयाची झडप खराब झाली, ऑपरेशन लागेल, खर्च पावणेचार लाख, असं तिथं सांगितलं. 'योजनेत बसत नाही' असंही म्हणाले. मावशींचे मालक वारले आहेत, मानधन अडीच हजार, रान कोरडवाहू. मला राहवलं नाही. सलाईन लावलेला त्याचा फोटो, नाव, गाव आणि माझा स्वतःचा फोन पे नंबर घालून, मावशींना न विचारताच, मी व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला. चार दिवसांत ४६ हजार रुपये जमले. पण तो फोटो गावभर फिरला. वर्गातली पोरं त्याला बोलायला लागली, आता तो शाळेत येत नाही. मावशी माझ्याशी नीट बोलत नाहीत. स्टाफरूममध्ये एका सरांनी सगळ्यांसमोर हिशेब विचारला. कुणीतरी माझ्याच मेसेजवर भलताच क्यूआर कोड चिकटवून तो पुढे पाठवलाय. एका माणसाचा फोन आला, 'इंटरनेटवर मोहीम चालवून पूर्ण रक्कम उभी करून देतो, ३० टक्के माझे.' मी काय करू? मोहीम उघडू, की सगळे पैसे परत करून गप्प बसू?

उत्तर:

ताई, मोहीम आत्ता उघडू नका आणि पैसेही आत्ताच परत करू नका. त्या ३० टक्केवाल्याचा नंबर मात्र आजच ब्लॉक करा. पोराच्या आजारावर टक्केवारी मागणाऱ्याशी बोलत बसण्याइतका वेळ तुमच्याकडे नाही.

'योजनेत बसत नाही' हे वाक्य मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खुपलं. दवाखान्याच्या काउंटरवर हे एवढंच ऐकून माणसं घरी जातात आणि म्हैस विकायला काढतात. या वाक्याचा अर्थ तीनपैकी काहीही असू शकतो. ते रुग्णालय योजनेतच नसेल. किंवा योजनेत असेल, पण हृदयाच्या ऑपरेशनसाठी नसेल. किंवा तुमच्या कागदांत काही कमी असेल, बहुतेक वेळा रेशन कार्डावर मुलाचं नाव चढवलेलं नसतं. या तिन्हींत 'मुलगा योजनेत बसत नाही' असं कुठंच येत नाही. म्हणून परत जाऊन, किंवा फोन करून, नेमकं विचारा: रुग्णालय बसत नाही, आजार बसत नाही, की कागद बसत नाहीत?

योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २ जुलै २०१२ ला ती राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर आली आणि नंतर नाव बदललं. केंद्राची आयुष्मान भारत तिला जोडलेली आहे आणि आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. हृदयाची झडप बदलण्याचं ऑपरेशन या योजनेच्या यादीत आहे. मावशींचा खर्च पावणेचार लाख सांगितलाय, म्हणजे तो त्या मर्यादेच्या आत येतो. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याचं काम कागद बघणं, मंजुरीला पाठवणं आणि रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत ना, हे पाहणं. १५५३८८ या नंबरवर फोन करून 'हृदयाची झडप, मुलगा तेरा वर्षांचा, सांगली-कोल्हापूरच्या बाजूला कुठली रुग्णालयं आहेत' एवढं विचारा. नावं लिहून घ्या. अडलंच, तर मुंबईचं केईएम आहे. लांब पडतं, पण तिथं हृदयाची ऑपरेशनं होतात आणि ते सार्वजनिक रुग्णालय आहे.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून दुसरा रस्ता तर तुमच्या शाळेच्या दारातूनच जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तुमच्या शाळेत येतं, मुलांची उंची-वजनं घेतं, डोळे, दात, कान बघतं. बऱ्याच शाळांत तो दिवस रजिस्टर भरण्यात संपतो. पण २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे जे आजार शोधून पुढे मोफत उपचारांना पाठवायचे आहेत, त्यांत सांध्यांच्या तापानं होणारा हृदयविकारही आहे. पथक येण्याची वाट बघत बसू नका. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन पथकाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा, मुलाचा टू डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट दाखवा, जिल्हा रुग्णालयाला संदर्भ चिठ्ठी मागा. मुख्याध्यापकांचं शाळेच्या लेटरहेडवरचं पत्र सोबत न्या. सही-शिक्क्याच्या कागदाला आपल्याकडे किंमत असते आणि तो शिक्का तुमच्या शाळेच्या कपाटातच आहे.

जाताना मावशींना सोबत घ्या. त्यांच्या वतीनं तुम्ही एकट्या जाऊ नका. हे मी मुद्दाम सांगतेय, पुढे त्याचं कारण येईल.

नव्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. झडप अरुंद झाली असेल, तर काही रुग्णांना मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती रुंद करता येते, छाती उघडावी लागत नाही. झडप गळत असेल, तर कधी ती दुरुस्त होते. बदलावीच लागली, तर धातूची की ऊतकाची (प्राण्याच्या ऊतींपासून बनवलेली), हा प्रश्न येतो. लहान वयात ऊतकाची झडप लवकर झिजते म्हणून बहुधा धातूची बसवतात, आणि मग रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर चालते. गोळीचा डोस बरोबर आहे का, हे बघायला आयएनआर नावाची रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. गोळी चुकली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. शिवाय तो सांध्यांचा ताप उलटू नये म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, अनेक वर्षं. ते स्वस्त आहे आणि सरकारी केंद्रात मिळतं, पण एकही चुकवून चालत नाही.

तुमच्या ४६ हजारांची खरी जागा इथं आहे. ऑपरेशनसाठी वर्गणी काढणारा प्रत्येक जण ऑपरेशनच्या दिवसाकडे बघत असतो. योजनेत ऑपरेशन, औषधं, दवाखान्यातलं जेवण आणि घरी सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतची औषधं बसतात. अकराव्या दिवसापासून काय? आई पोराजवळ बसली की तिचं मानधन आणि मजुरी बुडते. सोबतीला आलेल्या मामाचं जेवण, मिरजेच्या किंवा कोल्हापूरच्या फेऱ्या, एस.टी.चं भाडं, महिन्यामहिन्याची रक्ततपासणी. या सगळ्या खर्चाला योजना पुरत नाही. याच खर्चापायी माणसं तपासणीला जायचं सोडतात, आणि नवी कोरी झडप बसवलेलं पोर पुन्हा अत्यवस्थ होऊन दवाखान्यात येतं. पावणेचार लाख तुम्हाला जमवावे लागणारच नसतील, तर जमलेत तेवढे ४६ हजार त्याच्या पुढच्या वर्ष-दीड वर्षाला कदाचित पुरतील.

पण त्यासाठी देणाऱ्यांना विचारलं पाहिजे. त्यांनी पैसे ऑपरेशनला दिलेत. ऑपरेशन योजनेत होत असेल, तर तसं स्वच्छ सांगा आणि लिहा, की हे पैसे नंतरच्या औषधांना व येण्याजाण्याला वापरायचे आहेत, ज्यांना परत हवे असतील त्यांनी कळवावं. थोडे जण मागतील, त्यांना त्याच दिवशी परत द्या. कारण विचारू नका.

आता हिशेब. स्टाफरूममधल्या सरांनी विचारायची जागा चुकली असेल, पण प्रश्न बरोबर होता. लोकांचे पैसे तुमच्या पगाराच्या खात्यात मिसळलेले आहेत, ही गोष्ट तुम्हालाच अडचणीत आणणारी आहे. एक तर सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियमांप्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांना आजच लेखी कळवा: काय झालं, किती आले, कुठं आहेत, पुढे काय करणार आहात. कुणी तक्रार करण्याआधी तुमचं पत्र टेबलावर असू द्या. दुसरं, नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५० हजारांच्या वर आलेली रक्कम आयकराच्या दृष्टीनं उत्पन्न ठरू शकते. तुम्ही त्या रेषेच्या अगदी जवळ आहात. म्हणून तुमच्या नंबरवर नवे पैसे घेणं आत्ताच्या आत्ता बंद करा आणि आहेत ते कसे हलवायचे, हे एखाद्या सीएला अर्धा तास भेटून विचारा. मावशींच्या नावावर बँकेत वेगळं खातं असावं, त्यात दुसरा पैसा येऊ नये, आणि एक साधी वही असावी: तारीख, नाव, रक्कम, पावती. वही शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोघांनी दर महिन्याला बघून सही करायची. देणाऱ्यांत कुणाला नाव नको असेल, तर 'हितचिंतक' लिहा, पण रक्कम लिहाच.

क्यूआर कोड बदलून फिरवणाऱ्याची तक्रार सायबर गुन्ह्यांच्या १९३० या नंबरवर करा. मूळ मेसेज जिथं जिथं टाकलात तिथं 'हा मेसेज बंद केला आहे, कुणीही पैसे पाठवू नयेत' असं लिहा. तो पुढे फिरायचा पूर्ण थांबणार नाही, पण तुमच्या बाजूनं नोंद राहील.

फोटोबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय. तुमची कळकळ खरी आहे, यात मला तिळभरही शंका नाही. तरीही मावशींचा राग मला पूर्ण पटतो. ती बाई रोज शाळेतल्या सगळ्या पोरांना वाढते. त्या स्वयंपाकघरात तिला मान आहे. त्याच पोरांच्या घरच्या मोबाईलवर तिचं लेकरू सलाईन लावून पडलेलं दिसलं, आणि तेही तिला न विचारता. तेरा वर्षांच्या मुलाला आपला आजार, आपली गरिबी आणि आपला उघडा दंड एकाच वेळी गावानं बघितल्यावर कसं वाटलं असेल? मदत मिळवायची तर एवढं सहन करावं लागतंच, असं काहीजण तुम्हाला सांगतील. मला ते अजिबात मान्य नाही.

तोंड दिसल्याशिवाय पैसे येत नाहीत, हेही खरं नाही. वॉट्सी नावाची एक अमेरिकन संस्था आहे, गरीब देशांतल्या रुग्णांच्या ऑपरेशनसाठी जगभरच्या लोकांकडून छोट्या छोट्या रकमा घेणारी. २०१२ मध्ये ती सुरू झाली. तिचा संस्थापक चेस ॲडम स्वयंसेवक म्हणून कोस्टा रिकात असताना बसनं चालला होता. वॉट्सी नावाच्या गावाजवळ एक बाई बसमध्ये चढली आणि मुलाच्या उपचारांसाठी पैसे मागू लागली. असे मागणारे तिथंही रोजचेच. पण तिनं मुलाचे वैद्यकीय कागद सोबत आणले होते आणि ती ते प्रवाशांना दाखवत होती. कागद बघून लोकांनी पैसे दिले. संस्थेला त्या गावाचंच नाव मिळालं, आणि पुढे त्या संस्थेनं आपले खर्चाचे तक्ते सगळ्यांना बघायला उघडे ठेवले. आपल्या एस.टी.तली माणसंही काही वेगळी नाहीत. खात्री पटली की खिशात हात जातो.

म्हणून मावशींकडे जा. शाळेत नको, त्यांच्या घरी, संध्याकाळी. आधी माफी मागा, आणि 'मी चांगल्यासाठीच केलं' हे वाक्य जोडू नका. मग ४६ हजारांचा आकडा सांगा, कुणाकडून आले ती यादी दाखवा आणि पुढे काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. त्या 'सगळे परत करा' म्हणाल्या, तर परत करा. तुम्हाला चूक वाटलं तरी करा. लेकरू त्यांचं आहे. मुलाशी वेगळं बोला. वर्गात त्याच्याबद्दल काय सांगायचं, हे त्यालाच विचारा. काही मुलांना वाटतं सरळ सांगून टाकावं, काहींना एक शब्द नको असतो. चिडवणाऱ्या पोरांशी मात्र तुम्ही बोला, ते तुमचं कामच आहे.

समजा योजनेचं दार खरंच बंद निघालं, किंवा डॉक्टरांनी सांगितलेली एखादी गोष्ट तिच्यात नसली, तरी वर्गणीआधी आणखी दोन ठिकाणं आहेत. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेली ही योजना आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जायचं. दुसरं, मुख्यमंत्री सहायता निधी. जिल्हाधिकारी कार्यालयात त्याचा कक्ष आहे. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात, आणि झालेल्या उपचारांचा खर्च मागून मिळत नाही, त्यामुळे अर्ज ऑपरेशनच्या आधीच गेला पाहिजे.

एवढं करून जो फरक उरेल, तो लोकांकडे मागा, त्यात कमीपणा काहीच नाही. आपल्याकडे देवळं, तालमी आणि शाळासुद्धा वर्गणीतून उभ्या राहिल्या आहेत. मिलाप किंवा केटोसारख्या संस्थांच्या संकेतस्थळावर जायचं असेल, तर तिथं कागदपत्रं तपासतात आणि रक्कम रुग्णालयाला थेट पाठवता येते. शुल्क, ऐच्छिक टिप आणि जाहिरातीचा खर्च या तीन गोष्टी सही करण्याआधी वाचा. पण एक लक्षात घ्या. अशा ठिकाणी गोंडस लेकरांना पैसे लवकर मिळतात, आणि हर्निया झालेल्या साठीच्या शेतमजुराच्या पानावर महिनोनमहिने कुणी फिरकत नाही. गर्दीच्या मनावर आजारी माणसाचा जीव टांगून ठेवणं मला म्हणूनच पटत नाही. हक्काचं आहे ते आधी ओढून घेतलंच पाहिजे. तुम्ही मावशींसाठी एकदा तो रस्ता चाललात, की तालुक्यातल्या पुढच्या आईला तो सांगायला तुम्ही असाल.

मेसेज लिहायची वेळ आलीच, तर साधारण असा लिहा, मावशींना वाचून दाखवून: 'आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्यावर हृदयाची शस्त्रक्रिया होणार आहे. शस्त्रक्रियेचा खर्च शासकीय योजनेतून मंजूर झाला आहे. त्यानंतर एक वर्षाची तपासणी, औषधे व प्रवास यांसाठी अमुक रुपये कमी पडत आहेत. आईच्या संमतीने हे आवाहन करत आहोत. कागदपत्रे शाळेत पाहता येतील. रक्कम पूर्ण होताच कळवू, त्यानंतर पाठवू नये.' नाव नाही, फोटो नाही, आणि आकडा ठरलेला. हा मेसेज मुख्याध्यापक आणि समितीच्या नावानं जाऊ द्या, खात्याचा नंबर मावशींचा.

शेवटचं आणि सगळ्यात तातडीचं. रात्री त्याला आडवं पडून झोपता येत नसेल, उठून बसावं लागत असेल, खोकल्यातून गुलाबी फेस येत असेल, पाय सुजले असतील किंवा तो एकदम चक्कर येऊन पडला, तर पैसे, मंजुरी, चिठ्ठी कशाचीही वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि त्याला थेट सिव्हिलला न्या. हे मावशींना तोंडी तर सांगाच, पण कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घरात चिकटवायला द्या.